शिट्टीला न जुमानणारं लूप

"हात्तिच्या! एवढंच ना? आठवडाभरात शिकून दाखवतो!"

झालं! शिट्टीमास्तरांनी तोंडातला घास गिळायच्या आधीच शब्द देऊन टाकला. त्यांच्या घरातल्या यच्चयावत भानगडी अशाच सुरू होतात, बरं का.

मास्तर तरण तलावावर पोहायला शिकवायचे. गळ्यातली शिट्टी आंघोळीच्या वेळीसुद्धा निघायची नाही, म्हणून हे नाव. आवाज असा, की शेजारची माणसं त्यांच्या घरातल्या बातम्या त्यांच्याआधी ऐकायची. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे कुणाला काय दिसत नाहीये ते तिला बरोबर दिसायचं. आणि एकुलती एक लेक. तिला मास्तर मासोळी म्हणायचे. ही मासोळी कॉम्प्युटरच्या कोर्सला पहिल्या वर्षाला होती, आणि आत्ता जेवता जेवता तिने सांगितलं होतं, की सोमवारी ती नाव काढून घेणार आहे.

"पण झालं काय?" बायकोने विचारलं.

"लूपवर परीक्षा होती. एक ओळही न लिहिता उठून आले." मासोळी पानातला भात बोटाने इकडून तिकडे करत होती. "सगळी मुलं टकाटक टाइप करत होती आणि माझं डोकं एकदम रिकामं. सर म्हणाले, पुन्हा दे. पण मला नाही येणार. मला कळतच नाही ते."

"लूप म्हणजे काय असतं?"

"तेच ते काम पुन्हा पुन्हा करायला सांगायचं कॉम्प्युटरला."

तेव्हा मास्तरांच्या तोंडून ते हात्तिच्या निघालं. "अगं, मग मी जन्मभर दुसरं काय करतोय? या काठावरून त्या काठाला, त्या काठावरून या काठाला! ऐक. रविवारपर्यंत तुझ्या पुस्तकातलं पहिलं उदाहरण मी सोडवतो. माझ्यासारख्या रेड्याला जमलं, तर तुलाही जमेल. मग नाव काढायचं नाही. कबूल?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर सोमवारी मी स्वतः येईन तुझ्याबरोबर नाव काढायला. इस्त्रीचा शर्ट घालून!"

बायकोने कपाळाला हात लावला. मासोळी मात्र कित्येक दिवसांनी जराशी हसली, आणि मास्तरांना वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू. दुपारी तलाव बंद असायचा, तेव्हा मास्तर ऑफिसात पुस्तक उघडून बसायचे. भाषेचं नाव जावास्क्रिप्ट. पहिलं उदाहरण असं: 'तुमच्या आवडीचं एक वाक्य पडद्यावर दहा वेळा दाखवा.' खाली नमुनाही दिला होता. मोजणी एकापासून सुरू करा, दहापर्यंत चालू ठेवा, आणि प्रत्येक फेरीनंतर मोजणी एकाने वाढवा.

समोर कॉम्प्युटर होता. पण मास्तरांनी त्याला हातही लावला नाही! कारण त्यांची शिकवायची एक पद्धत होती. नवीन माणूस आला की त्याला आठवडाभर पाण्यात उतरू द्यायचे नाहीत. काठावरच्या फरशीवर पालथं झोपवायचे आणि कोरडेच हातपाय मारायला लावायचे. त्याच न्यायाने त्यांनी आठवडाभर कोरड्या कागदावर प्रोग्रॅम लिहिला. लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे. कंसाच्या महिरपी तर अशा सुबक काढल्या होत्या, की रांगोळीवालीने मान खाली घालावी.

त्यांची दुसरीही एक पद्धत होती, आणि तिनेच घात केला.

पोहताना फेऱ्या मोजायच्या नाहीत, हा मास्तरांचा कडक नियम होता. "मोजलं की माणूस दमतो! किती झाल्या, किती राहिल्या, यातच जीव अडकतो. तुम्ही नुसतं पोहा. थांबायचं कधी ते मी शिट्टी वाजवून सांगेन." या नियमावर त्यांनी भल्याभल्यांना पोहायला शिकवलं होतं. तेव्हा 'प्रत्येक फेरीनंतर मोजणी एकाने वाढवा' ही ओळ वाचून ते नाराज झाले.

"उगाच शेपूट!" ते स्वतःशीच म्हणाले. "बिचाऱ्याला दमवायचं कशाला?" आणि त्यांनी ते शेपूट कापून टाकलं.

वाक्य कोणतं घालायचं, याला मात्र क्षणभरही विचार लागला नाही. मासोळी लहान असताना पाण्याला भयंकर भ्यायची. मास्तर तिच्या पाठीखाली तळहात धरून जे म्हणायचे तेच त्यांनी लिहिलं: 'घाबरू नकोस, मी आहे!'

रविवारी संध्याकाळी त्यांनी मासोळीला तलावावर बोलावलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला एक मोठा पडदा जोडलेला होता. तो तलावाच्या भिंतीवर टांगलेला असायचा आणि त्यावर कुठल्या बॅचची वेळ काय ते दिसायचं. लेकीच्या डोळ्यांसमोर, चांगल्या मोठ्या अक्षरांत, दहा वेळा तिच्या बापाचं वाक्य झळकणार होतं! ती यायच्या आत सगळं तयार ठेवावं म्हणून मास्तरांनी बॅच सहकारी ताईंवर सोपवली, ऑफिसात गेले, कागद बघून एका बोटाने सगळं टाइप केलं आणि एकदा चालवून बघायला बटण दाबलं.

आणि काय आश्चर्य! पडद्यावर एक चौकट उघडली. 'घाबरू नकोस, मी आहे!' खाली 'ठीक आहे' असं बटण.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी 'ठीक आहे' दाबलं. चौकट गेली, दुसरी आली. ती घालवली, तिसरी आली. मास्तर खुशीत दाबत राहिले. दाबता दाबता त्यांच्या लक्षात आलं, की दहा केव्हाच होऊन गेले असावेत. चौकटी मात्र मागच्या दाराने आल्यासारख्या येतच होत्या.

"बास! झालं आता!" मास्तर म्हणाले.

'घाबरू नकोस, मी आहे!' कॉम्प्युटर म्हणाला.

मास्तरांनी मग जे केलं ते जन्माच्या सवयीने केलं. त्यांनी शिट्टी वाजवली. आधी छोटी. कॉम्प्युटर ढिम्म! मग त्यांनी छाती भरून एक लांबलचक शिट्टी मारली. खिडकीची काच थरथरली.

तिकडे तलावात लांब शिट्टीचा अर्थ एकच होता: सगळे ताबडतोब पाण्याबाहेर!

ताईंनी दचकून भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. वेळापत्रक गायब, आणि त्या जागी 'घाबरू नकोस' लुकलुकतंय.

"अहो, हे काय लिहिलंय?" वकीलकाका ओरडले. हे काका वर्षभर शिकत होते आणि अजून त्यांनी काठाची दांडी सोडली नव्हती. "घाबरू नकोस म्हणे! मी तीस वर्षं वकिली करतोय. 'घाबरू नका' अशी लेखी सूचना आली, की समजावं, पळायची वेळ झाली!"

"पाण्यात करंट उतरला असेल!" कुणीतरी म्हणालं.

"नाही हो, क्लोरीन जास्त पडलंय! माझे डोळे चुरचुरतायत!"

"पण 'मी आहे' म्हणजे कोण आहे?" वकीलकाकांचा आवाज चिरकला. "पाण्यात कोण आहे?"

मग काय विचारता! जो तो हाताला लागेल त्या शिडीने वर. वर्षभर काठ न सोडलेले वकीलकाका तर सगळ्यांच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत पोचले, आणि तीही बायकांची निघाली. तिथून त्यांना हाकललं गेलं, तेव्हाचा ओरडा ऐकून उरलेसुरलेही बाहेर आले.

मॅनेजर धावतच ऑफिसात शिरले. मास्तर एका हाताने बटण दाबतायत, दुसऱ्या हातात शिट्टी, कपाळावर घाम.

"मास्तर! हे काय चाललंय?"

"लूप!"

"बंद करा ते!"

"ऐकत नाही हो! शिट्टीलासुद्धा ऐकत नाही!"

मॅनेजरांनी प्लगला हात घातला आणि तसाच मागे घेतला. कारण तो जुना कॉम्प्युटर एकदा असा बंद केला, की परत सुरू व्हायला दुरुस्तीवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. मग मॅनेजरांनी हातातला राग तोंडात आणला. "उद्या मला लेखी खुलासा पाहिजे! या वयात हे धंदे कुणी सांगितले तुम्हाला?" दारात टॉवेल गुंडाळलेली ओली गर्दी जमली होती. सगळ्यांसमोर मास्तर शाळकरी पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले, तरी बोट आपलं बटण दाबतच होतं.

आणि त्या गर्दीतून वाट काढत मासोळी आत आली.

तिने बापाचा चेहरा बघितला. चौकट बघितली. चौकटीतलं वाक्य वाचून ती जरा थबकली. मग तिने त्यांचं बोट बटणावरून उचललं.

"बाबा, सरका."

तिने तीन बटणं एकदम दाबली. एक यादी उघडली, त्यातून तिने काहीतरी बंद केलं, आणि चौकट नाहीशी झाली. ऑफिसात अशी शांतता पसरली, की टॉवेलांतून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. मग तिने मास्तरांचा प्रोग्रॅम उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"बाबा, यात मोजणी वाढवायची ओळ कुठंय?"

"काढून टाकली."

"का?"

"मोजलं की दम लागतो ना गं..."

मासोळी खो खो हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली. "अहो बाबा, त्याला एक ते दहापर्यंत जायला सांगितलंत आणि पुढे सरकायलाच दिलं नाहीत! बिचारा एकावरच उभा आहे. दर वेळी त्याला वाटतंय, ही आपली पहिलीच फेरी. ही ओळ असली, की तो एकाचे दोन करतो, दोनाचे तीन करतो, आणि दहा झाले की आपणहून थांबतो. शिट्टी लागत नाही त्याला!"

बोलता बोलता तिने टाइपही केलं. टकाटक!

"परत चालू करू?" तिने विचारलं.

"नको!" मॅनेजर आणि वकीलकाका एकदम ओरडले. पण तिने केलंच.

'घाबरू नकोस, मी आहे!' चौकट आली. तिने 'ठीक आहे' दाबलं. "एक!" ताई म्हणाल्या. पुढच्याला "दोन!" म्हणताना दोघी-तिघींचा आवाज होता. पाचाला सगळी ओली गर्दी मोजत होती. सातला मॅनेजरांनाही राहवलं नाही. "नऊ! दहा!"

आणि मग सगळे श्वास रोखून थांबले. चौकट आली नाही. वकीलकाकांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली, त्यांचा स्वभावच तो. तरी आली नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ओल्या हातांच्या टाळ्यांचे शिंतोडे सगळ्या कागदांवर उडाले.

मासोळी पडद्यावरची आपली ओळ पुन्हा वाचत होती. मास्तरांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण पैज आठवली आणि हात खिशातच राहिला.

ते घरी पोचेपर्यंत ताईंच्या फोनवरून बायकोला सगळी हकिगत कळली होती. मासोळी फोन घेऊन तिच्या खोलीत गेली. मास्तर मुकाट्याने शर्टाला इस्त्री करत बसले. शब्द म्हणजे शब्द, आणि हरलो ते हरलोच. पण एकाच बाहीवर किती वेळा इस्त्री फिरवली, ते त्यांनी मोजलं नाही. पोरीचा हात धरून तिला पाण्यात उतरवणारा बाप, आणि उद्या तिचा हात धरून तिला बाहेर काढायला जायचं!

सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मास्तर दाराशी उभे राहिले. चेहरा असा, की शोकसभेला निघालेत.

मासोळी दप्तर अडकवून बाहेर आली. "कुठं निघालात, बाबा?"

"तुझ्याबरोबर. नाव काढायला. हरलो ना मी."

"काहीतरीच काय! आज मी परीक्षा परत देतेय. काल रात्रीच सरांना विचारलं, ते हो म्हणाले." तिने चपला घातल्या. "लूपचीच आहे. येतं मला."

ज्यांच्या आवाजाने शेजारी जागे व्हायचे, त्या मास्तरांच्या तोंडून नुसतं "बरं" निघालं, तेही हळू. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि इस्त्रीच्या शर्टाचा पार चोळामोळा होईपर्यंत सोडलं नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिने पदराने डोळे टिपले. "मला कालच वाटलं होतं, हे मुद्दाम चुकले असणार! पोरीचा आत्मविश्वास परत यावा म्हणून चारचौघांत हसं करून घेतलं स्वतःचं. हो ना, अहो?"

वा! असं काही आपण केलं असेल हे मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण इतकी आयती आलेली शाबासकी कोण परत पाठवतो? त्यांनी छाती पुढे काढली, मिशीवरून बोट फिरवलं आणि छताकडे बघत म्हणाले, "आता काय सांगायचं... बापाला करावं लागतं कधी कधी..."

"आई," मासोळी म्हणाली, "मुद्दाम चुकायला आधी बरोबर काय ते यावं लागतं!"

आणि ती हसत हसत जिना उतरायला लागली. बायकोने पदर डोळ्यांवरून तोंडावर नेला. मास्तरांची छाती हळूहळू मूळ जागी आली. मग कठड्यावरून वाकून त्यांनी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी हाक मारली:

"अगं मासोळी! ते अकरावं का नाही आलं, तेवढं सांगून जा ना!"