टाचेवरचा गोलकीपर

कोच असूनही मल्लिनाथ सरांना गोलकीपर कसा उभा करतात ते कळत नाही, असं मी ठरवलं आणि मुलीला स्वतःच शिकवायला घेतलं. (ठरवण्याचं काम मला चांगलं जमतं. कचेरीत वीस वर्षं तेच करतो.)

खेळ आइस हॉकी. नांदेडात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, म्हणून आमची पोरं चाकांचे स्केट घालून सिमेंटवर खेळतात. फॉर्मवर मात्र 'आइस' लिहायचं. संघ कमी, त्यामुळे पुढे जाणं सोपं, आणि पुढे गेलं की दहावीला खेळाचे गुण. एरवी पोरगी अंगणात उडी मारताना दिसली तरी "अभ्यास झाला का?" विचारणारे बाप या गुणांसाठी मैदानाबाहेर छत्री धरून उभे असतात. त्यांच्यासारखे लाचार लोक मी पाहिले नाहीत. माझी छत्री काळी आहे.

आमची मनस्विनी यंदा दहावीला. रविवारी लातूरला विभागाच्या संघाची निवड होती आणि गोलकीपरची एकच जागा होती. तिला ती गुणांसाठी नको होती. तिला अडवायला आवडतं. हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा ऐकल्यासारखं केलं होतं.

अडचण एकच, ऐन वेळी ती तोल जाऊन मागे पडायची. सर सांगत, गुडघे वाकव, छाती वर ठेव, भार चवड्यांवर दे. एवढ्यासाठी हा माणूस फी घेतो!

शनिवारी सकाळी मी तिला पोर्चमध्ये उभं केलं.

"गुडघे वाकवायला आपल्याला कोण शिकवणार? आपली सात पिढ्यांची माणसं उकिडवी बसत आली. टाचा टेक आणि बस. तासभर हलणार नाहीस."

"पप्पा, टाचंवर भार दिला की चाक मागं पळतंय."

"कोण म्हणालं?"

"सर."

"सर कधी उकिडवे बसलेत का?"

राजश्री बाहेर आली. ही माझी बायको. शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावरही थांबत नाही.

"अहो, उद्या खेळायचं हाय तिला. पोरीला बिघडवू नका."

"मग मीच करून दाखवतो," मी म्हणालो.

स्केट लहानमोठे करता येतात, हे माझं दुर्दैव. मी ते चढवले, पायांना पॅड बांधले आणि उघड्या फाटकाकडे पाठ करून उभा राहिलो. फाटक म्हणजे गोल. फाटकाबाहेर स्कूटरसाठी केलेला उतार म्हणजे उतारच.

"मार," मी म्हणालो आणि टाचा टेकून बसलो.

पुढचं मला स्पष्ट आठवतं, हीच तक्रार आहे. मी तसाच उकिडवा, दोन्ही हात पसरून, मागे निघालो. फाटक गेलं, उतार गेला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या नागुबाईंनी साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन मी थांबलो. कुरडया ओल्या होत्या. मनस्विनीनं मारलेला चेंडू मागाहून सावकाश आला.

"उद्धवराव, उटू नका," नागुबाई म्हणाल्या. "ऱ्हायलेल्या बी मोडतेल."

उठणार कसा? कमरेत उसण भरली होती. टाचा टेकून मी वीस मिनिटं अजिबात हललो नाही. माझी पद्धत बरोबर होती असं तेव्हा म्हणता आलं असतं, पण म्हणालो नाही.

रविवारी मायलेकी लातूरला गेल्या. मी पालथा पडून फोनकडे बघत राहिलो. आपल्या शहाणपणामुळे पोरगी तिथे मागे पडली तर? मला खरोखर भीती वाटत होती, आणि स्वतःचा रागही येत होता.

संध्याकाळी ती धावतच आत आली.

"झाली निवड, पप्पा. एक बी गोल नाही जाऊ दिला."

माझे डोळे भरून आले. (पालथ्या माणसाचे डोळे कुणाला दिसत नाहीत, एवढी एक सोय.)

तेवढ्यात मल्लिनाथ सरांचा फोन आला. राजश्रीनं तो स्पीकरवर टाकला.

"साहेब, लई भारी खेळली पोरगी. म्या इचारलं, एका दिवसात बरोबर कशी काय उभी ऱ्हायलीस? तर म्हनली, पप्पानं करून दाखवलं."

मी उशीवरून मान उचलली. वीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

"तर साहेब, उद्यापासून नवीन पोरं येऊन राहिलेत. समदे टाचंवर उभे ऱ्हातेत. कितीबी सांगितलं तर पटंना झालंय. तुमी येऊन तेवढं पडून दाखवताव का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर राजश्रीनं फोन जवळ ओढला.

"येतेल की, सर. सकाळच्याच बॅचला पडायचं, का दोन्ही?"