हिरव्या डोक्याच्या माशा

ट्राउट माशासाठी गळावरची नकली माशी स्वतःच्या हाताने बांधायची असं मी ठरवलं, ते निव्वळ जळफळाटातून. कलेची आवड वगैरे उगाच सांगत नाही.

आमचा शेजारी क्वीदो. बँडात ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेला, विधुर, मिशीला टोकं काढणारा. मोसम सुरू झाला की हा दर शनिवारी सकाळी ओतावा नदीवरून परतताना आमच्या फाटकाशी थांबतो, टोपी काढतो आणि माझ्या बायकोच्या हातात दोन ट्राउट ठेवतो. मीही त्याच नदीवर जातो. (मी ओले मोजे आणतो.)

"बघ, कसे टपोरे आहेत," मासे लोण्यात परतताना लिबुशे म्हणते. "क्वीदोची गोष्टच वेगळी, लोयझा."

तेवीस वर्षांच्या संसारात माझी गोष्ट वेगळी असल्याचं तिने एकदाच म्हटलं होतं, आणि तेही डॉक्टरांसमोर.

क्वीदोचं सगळं यश त्याच्या निम्फमध्ये होतं. निम्फ म्हणजे पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या किड्याची नक्कल करणारी माशी. गळावर शिसं गुंडाळायचं, वर लोकर आणि सशाचे केस चढवायचे. शिशाच्या वजनाने ती तळाशी जाते आणि ट्राउट फसतो. शिसं आत लपलेलं, त्यामुळे कुठली माशी किती जड हे फक्त बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून तो डोक्याशी रंगीत दोरा गुंडाळून खूण ठेवतो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या, आणि आमच्याकडे त्या कुणी कुणाला विचारत नाही. क्वीदोच्या टोपीवर खोचलेल्या माशा जांभळ्या अंगाच्या, लाल डोक्याच्या. माझ्या राखाडी अंगाच्या, हिरव्या डोक्याच्या. त्या लिबुशे मला दुकानातून आणून देते.

त्या शनिवारी दुपारी लिबुशे चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली आणि मी स्वयंपाकघरात ठाण मांडलं. शिसं कुठून आणायचं? नजर खिडकीच्या जाळीदार पडद्याकडे गेली. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या काठात शिशाची बारीक दोरी शिवलेली असते. वीतभर काढली तर कुणाला कळणार होतं?

मी कात्रीने काठ उसवला. आत काही नव्हतं. आणखी उसवला. कुणीतरी माझ्याआधीच दोरी काढून काठ पुन्हा नीट शिवून टाकला होता. एवढ्यात वारा आला, हलका झालेला पडदा आत उडाला आणि रविवारसाठी करून ठेवलेल्या सायीच्या रश्श्यात गळ्यापर्यंत बुडाला.

पडदा काढून पुसायला जुनं कापड हवं म्हणून मी कपाट उघडलं, तर लिबुशेचा जांभळा स्वेटर हाती आला. आमची पहिली भेट झाली तेव्हा तिने हाच घातला होता. त्याची उजवी बाही कोपरापाशीच संपत होती. पुढची सगळी उसवून नेलेली.

हा जांभळा रंग मी रोज पाहत होतो. क्वीदोच्या टोपीवर.

लोकांच्या बायका शेजाऱ्याला चोरून चिठ्ठ्या देतात म्हणे. माझ्या बायकोने बाही दिली होती, वर पडद्याचं शिसंही दिलं होतं. तालमीला जाते म्हणायची, आणि तिथे ट्रम्पेट कोण वाजवतं? मी तसाच, हातात ठिबकणारा पडदा घेऊन, क्वीदोच्या घराकडे निघालो. त्याचा कुत्रा रश्श्याच्या वासाने माझ्या मागोमाग आला.

दार ढकललं तर लिबुशे टेबलाशी बसलेली. समोर छोटा शिकंजा, त्यात गळ, तिच्या चिमटीत जांभळी लोकर. क्वीदो शेजारी दोऱ्याची रीळ धरून शाळकरी पोरासारखा बसलेला.

"दार लाव," ती वर न बघता म्हणाली. "सशाचे केस उडतायत."

"लिबुशे, हे काय चाललंय?"

"शेजारी, माझे डोळे गेले हो," क्वीदो म्हणाला. "दोन वर्षांपासून मला गळाचं भोकसुद्धा दिसत नाही. लिबुशेबाई बांधतात, मी नुसता पकडतो. मासे निम्मे-निम्मे."

"आणि तालीम?"

"तालीम गुरुवारी असते," लिबुशे म्हणाली. "तू कधी ऐकायला आलास तर कळेल ना."

मी पडदा खुर्चीवर टाकला. (कुत्र्याने तो लगेच चाटायला घेतला.) मनावरचं ओझं उतरलं खरं, पण जळजळ काही गेली नाही. ती फक्त पत्ता बदलून मासे आणि माशांवर आली.

"मग हे घरी का नाही बांधत?"

"तू बघशील. बघितलंस की शिकशील. आणि शिकलास की मला शिकवायला लागशील."

यावर क्वीदोने मिशी चावली.

"त्याला बांधून देतेस आणि मला दुकानातल्या आणतेस होय?"

"कुठलं दुकान? तुझ्याही मीच बांधते. दुकानातली म्हटलं की तू जपून वापरशील, असं वाटलं होतं मला."

मला एकदम भरून आलं. पण लगेच दुसरी शंका आली. "माझ्या जांभळ्या का नाहीत मग?"

"तुझ्या तुझ्याच मोज्याच्या आहेत. राखाडी, उजव्या पायाचा."

म्हणजे क्वीदोला आमच्या पहिल्या भेटीचा स्वेटर आणि मला माझाच मोजा. तरीही मी आमच्याकडे विचारू नये ते विचारलं. "लाल डोकं म्हणजे काय?"

"शिशाचे दोन थर. खोल डोहासाठी."

"आणि माझं हिरवं?"

क्वीदो घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागला. लिबुशेने गाठ मारली, दोरा तोडला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे मायेने पाहिलं.

"त्यात शिसं नाही रे, लोयझा. तुझ्या माशा काठावरच्या झाडांतच अडकतात, मग पडदा कशाला वाया घालवायचा?"