गोळी वेळेवर दिल्याबद्दल

आमच्या वॉर्डात गोळ्या सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ या वेळांनाच दिल्या जातात. आजार कोणताही असो, त्याने या वेळा पाळाव्यात अशी अपेक्षा आहे.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, शेजारच्या खाटेवरच्या शिंपीमास्तरांनाही तोच. मास्तर आले होते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पहिल्याच दिवशी वेळांचा कागद दिला : सात, अकरा, तीन, सात. "पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील, पण तास नको हो. अंगाचं लाकूड होतं त्यांच्या." मेट्रनबाईंनी कागद फायलीला लावला, फाइल कपाटात गेली. पाठोपाठ काकूंनी आणलेल्या गोळ्याही गेल्या, कारण रुग्णाने स्वतःजवळ औषध बाळगणे नियमबाह्य.

बारापर्यंत मास्तरांचं खरोखरच लाकूड झालं. मान वळेना, आवाज फुटेना, नाकावरची माशी हाकलता येईना. रिपोर्टात नोंद झाली : 'रुग्ण शांत. सहकार्य उत्तम.' त्यांनी दिवसभरात घंटा एकदाही वाजवली नाही, म्हणून समाधान शंभर टक्के धरलं गेलं. तीन दिवसांत आमचा वॉर्ड अख्ख्या रुग्णालयात पहिला आला.

चौथ्या दिवशी नवी सिस्टर आली आणि तिने चक्क फाइल वाचली. अकराच्या ठोक्याला गोळी दिली. पावणेबाराला मास्तर उठून बसले, चहा मागितला, वॉर्डभर फिरून पडदे उलटे शिवलेत हे सगळ्यांना दाखवून आले आणि मेट्रनबाईंना म्हणाले, "तीन दिवस माझा ठोकळा का करून ठेवला होता?" संध्याकाळपर्यंत घंटा नऊ वेळा वाजली. समाधान साठावर घसरलं.

सिस्टरला मेमो मिळाला : 'गोळी वेळेवर देऊन रुग्णास प्रश्न विचारण्याच्या अवस्थेत आणल्याबद्दल खुलासा करावा.' चौकशी होईपर्यंत गोळ्या पूर्ववत आठ-दोन-आठ. समिती आली दुपारी एकला.

"काही तक्रार?" अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांचे ओठ जेमतेम हलले.

"तक्रार नाही," अध्यक्षांनी लिहून घेतलं.

"अहो, बोलताच येत नाहीये त्यांना!" काकू ओरडल्या.

"तेही लिहितो. 'नातेवाईक उत्तेजित.'"

"साहेब, मी आत्ता गोळी देते," सिस्टर म्हणाली. "पाऊण तास थांबा, ते स्वतःच सांगतील."

"समितीला वीस मिनिटं मंजूर आहेत."

काकूंनी त्याच दुपारी भांडून डिस्चार्ज घेतला आणि दारातच मास्तरांना गोळी दिली. सिस्टरची बदली चादरी मोजायला झाली. जाण्यापूर्वी ती एक अर्ज घेऊन माझ्याकडे आली. खाली काकूंची सही होती.

"तुमचे बाबाही बघा, सकाळपासून असेच पडलेत. दोघांच्या घरच्यांनी लिहून दिलं तर साहेबांना ऐकावंच लागेल. सही करा, गोळी वेळेवर मिळेल."

मी बाबांकडे पाहिलं. घरी गोळी लागू पडली की ते विचारतात : उशीर का झाला, काल फोन का केला नाहीस, मला बाहेर कधी नेणार. इथे आल्यापासून अवाक्षर नाही. फक्त डोळे माझ्याकडे वळले.

"असू दे सिस्टर," मी म्हणालो. "त्यांची काही तक्रार नाही."