गच्ची तपासणारे सोनकांबळे

सोनकांबळे कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी गच्चीची किल्ली मागतात. वास्तुशांत असो, बारसं असो, नाहीतर नुसतं कुणाला बरं नाही म्हणून भेटायला गेलेले असोत. यजमान पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर येईपर्यंत हे जिन्यात. थोड्या वेळाने धापा टाकत खाली येतात आणि निकाल सांगतात, "पाण्याची टाकी मधी यायलीय. रिजेक्ट." मग आजाऱ्याची चौकशी.

पुण्याजवळच्या आमच्या सांगवीवरून विमानांची वाट जाते. बाकीच्यांना तिचा उपयोग एवढाच, की टीव्हीवर ऐन मोक्याचं वाक्य ऐकू येत नाही. आमच्या शेजारच्या सोनकांबळेंना मात्र विमानांचे फोटो काढायचं वेड आहे. मूळचे नांदेडकडचे, चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात उभी हयात गेली. निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. आता ते फोटो काढायच्या जागा तपासतात. समोर विजेची तार नको, झाड नको, ऊन पाठीशी हवं आणि विमान इतकं खालून जायला हवं, की त्याची चाकं मोजता यावीत. यातलं एक जरी कमी पडलं तरी जागा रिजेक्ट. "चालतंय की हो," असं मी एकदा म्हणालो, तर खराब माल हातात आल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले. "चालतंय म्हणूनच गाड्या बंद पडतात, राव!"

एकदा मला स्कूटरवर मागे बसवून दिघीच्या टेकडीकडे घेऊन गेले. आभाळ कसं मोकळं! सोनकांबळे हरखून पिशवीतून कॅमेरा काढतायत, तेवढ्यात एक जवान आला. "चाचा, ये फौजी इलाका है." सोनकांबळेंनी त्याला हात जोडून समजावलं, की आपण फक्त प्रवासी विमानं टिपतो, लढाऊ विमान आलं तर उलट पाठ करून उभे राहतो. पाठ कशी करतो तेही करून दाखवलं. जवान हसला, पण आम्हाला हाकललंच. उतरताना शेरा मिळाला, "जागा एक नंबर, मालक कडक. रिजेक्ट."

माझ्या पुतणीसाठी पिंपळे गुरवला मुलगा बघायला गेलो, तेव्हा मोठं माणूस असावं म्हणून यांना बरोबर नेलं. पोहे आले, मुलगा आला, पगाराची गोष्ट निघाली आणि आमचं मोठं माणूस गायब. परत आले ते घामाघूम. भर बैठकीत म्हणाले, "गच्ची ओके आहे. पोराचं तुम्ही बघा." लग्न जमलं. आहेराचं पाकीट घेऊन ते आजही त्या घरी सणासुदीला जातात, कॅमेऱ्यासकट.

या सगळ्यात वहिनींचं काय होत असेल, असं मला वाटायचं. वहिनी म्हणजे सौ. सोनकांबळे. त्या पाळणाघर चालवतात, त्यामुळे सहनशक्ती अफाट. पण एकदा बोलून गेल्या, "घरात हजारभर विमानं लावलीत भिंतीला. माझा एक फोटो धड नाही."

मग विहारातल्या बायकांची बोधगयेची सहल ठरली. पाटण्यापर्यंत विमान. वहिनी विमानात पहिल्यांदाच बसणार होत्या. "तुम्हीपण चला की," त्या माझ्यासमोर म्हणाल्या. सोनकांबळे म्हणाले, "मी आत बसलो तर फोटो कोण काढणार?" वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या. हे गृहस्थ मात्र कामाला लागले. वहिनींच्या विमानाचा फोटो असा निघाला पाहिजे, की त्या आल्यावर फ्रेम करून त्यांच्या हातात देता येईल. सबंध पावसाळा त्यांनी सांगवीतल्या एकेक गच्ची नाकारली आणि शेवटी नदीकाठच्या एका इमारतीला ओके दिला. तिथून उडणारी विमानं इतकी सुंदर दिसायची, की मीसुद्धा वा म्हणालो.

दिवाळी होऊन थंडी पडल्यावर तो दिवस आला. वहिनींचा फोन आला, "तपासणी झाली. खिडकी मिळालीय मला." आम्ही गच्चीवर सज्ज. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. चाकं खाली सोडलेली, म्हणजे उतरायला निघालेलं. सोनकांबळे मटकन खालीच बसले.

"अहो, काय झालं?"

"वारा फिरला, राव."

विमान उडतं आणि उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून. सांगवीवरून विमानं उतरायला लागली, याचा अर्थ उडणार ती विमानतळाच्या पार पलीकडे, वाघोलीच्या अंगाने. "सॅम्पल एकाच सीझनचं घेतलं मी!" सोनकांबळे कपाळ बडवून म्हणाले. "पावसाळ्यात पास केलं आणि माल थंडीत पाठवायलोय!"

स्कूटर मी चालवली. विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव, प्रत्येक सिग्नल आमच्या वाइटावर. मागून एकच धोशा, "चला की, चला की." वहिनींचा फोन बंद लागायला लागला, तेव्हा तोही थांबला. त्यांच्या हाताची पकड मात्र माझ्या खांद्याला कळत होती.

वाघोलीच्या अलीकडे एका मोकळ्या प्लॉटपाशी ते "थांबा!" म्हणून ओरडले. डोक्यावर तारांचं जाळं, बाजूला पत्र्याची शेड, समोर राडारोड्याचा ढीग. सोनकांबळेंनी कशाकडेही न बघता त्या ढिगावर धाव घेतली. गडगडाट आला आणि शेडच्या मागून विमान वर आलं, वहिनींच्याच कंपनीचं.

मी बघतोय, तर कॅमेरा गळ्यात लोंबकळतोय आणि सोनकांबळे दोन्ही हात हलवतायत. "अगं, इकडं! इकडं बघ!" विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत ते हात हलवत होते.

"फोटो?" मी हळूच विचारलं.

"र्‍हायला." ते ढिगावरच बसले. कॅमेऱ्याचं झाकण लावत म्हणाले, "तिला काही दिसलो नसणार मी, तेवढं कळतंय मला. पण कंपनीच्या बसला मी निघायचो ना, तेव्हा ही दारात उभी राहून हात करायची. फर्स्ट शिफ्ट असू द्या, सेकंड असू द्या. बस वळंपर्यंत. मित्रांसमोर लाज वाटायची म्हणून मी कधी उलटा हात केला नाही. आज पहिल्यांदा ती निघाली आणि मी मागं र्‍हायलो."

मी स्कूटर वळवून ढिगापाशी आणली.

"ती यायची त्या दिवशी सोडाल का मला विमानतळावर?" सोनकांबळे कपडे झटकत उठले. "बाहेर येतात ना लोक, त्या दारातच थांबतो. कॅमेरा घरी ठेवतो."