वीस मिनिटांचा रक्तदाब

वेळेचं नियोजन शिकावं तर माझ्याकडून! दिवसभर सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण, बुधवारी संध्याकाळी समाजसेवा, आणि दोन्हीकडे मीच पुढे! "आणि घरात?" असं आई विचारायची, पण तोवर मी चपला घालून दाराबाहेर असायचे.

त्यात मी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. वाचनालयाच्या तळमजल्यावर ज्येष्ठांचा रक्तदाब फुकट तपासायचा आणि त्यातूनच प्रबंधासाठी रक्तदाब वाढलेले तीस जण गोळा करायचे. ज्याचा वाढलेला, त्याला समोर बसवून वीस मिनिटं प्रश्न विचारायचे. झोप लागते का? जेवता काय? दिवसभरात कोणाशी बोलता? ज्याचा नॉर्मल, त्याला "छान! पुढचे!"

पहिल्या बुधवारी दोन सापडले. दुसऱ्या बुधवारी पाच. तिसऱ्या बुधवारी आलेल्या नऊच्या नऊ जणांचा वाढलेला! मी तर हवेतच!

प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "रक्तदाब काय गोवर आहे, साथ यायला?"

त्यात मी ज्यांना दवाखान्यात धाडलं होतं, ते सगळे 'नॉर्मल' असा शेरा घेऊन परत आले. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. मी मशीन बदललं. खुर्ची बदलली. आकडे हटेनात! प्रबंध द्यायला महिना उरलेला. शेवटी पाचव्या बुधवारी अर्धा तास आधी जाऊन मी वर्तमानपत्रांच्या मांडणीआड लपले.

जिन्यावर सगळी मंडळी हजर! निवृत्त मुख्याध्यापिका पायरीवर उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "दुसऱ्या मजल्यापर्यंत तीन चकरा! आणि आत गेल्यावर तोंड बंद, श्वास नाकाने!"

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

पोस्टमनकाका कठड्याला धरून धापा टाकत होते. "पोरी, माझं नॉर्मल आलं तेव्हा तू 'छान, पुढचे' म्हणालीस. शिंपीबुवांचं वाढलं, तर त्यांच्याशी वीस मिनिटं गप्पा! मी काय घोडं मारलं होतं?"

"दिवसभरात कोणाशी बोलता, हे आम्हाला विचारतं कोण?" मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या.

मला एकदम भरून आलं. प्रबंधही आठवला, त्यामुळे जरा जास्तच!

मार्गदर्शक बाई मात्र हे ऐकून पोट धरून हसल्या. "आता हाच विषय घे. पण वीस मिनिटं सगळ्यांना द्यायची, आकडा काही का असेना!"

पुढच्या बुधवारी रांग दाराबाहेर गेली. नऊ जणांनंतर माझी मान कागदावरून वर होईना.

"दहा नंबर, बसा. झोप लागते?"

"लागते."

"जेवता काय?"

"गार झालेलं. वाट बघत बसते ना."

"दिवसभरात कोणाशी बोलता?"

"मुलीशी. ती 'हं' म्हणते."

पेन थांबलं. मी वर पाहिलं. आई! बाही वर सरकवून, हात टेबलावर ठेवून बसलेली.

"घरी नंबर लागत नाही," ती म्हणाली. "म्हटलं, इथे लावून बघावा."

आईचा रक्तदाब अगदी नॉर्मल निघाला. सवयीने मी "छान!" म्हणाले आणि पुढचा शब्द कसाबसा गिळला.