डब्यातला की सुटा?

चौसाळ्यात घरी बसून कॉम्प्युटर जोडणारा पहिला माणूस मी! विकत आणलेला नव्हे, जोडलेला! हा फरक मी दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या चहाच्या टपरीपासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितला होता. ऐकणाऱ्यांना तो किती कळला ठाऊक नाही, पण सांगताना मला फार बरं वाटायचं. कॅबिनेट, मदरबोर्ड, हार्डडिस्क, सगळं मी पुण्याहून पोत्यात बांधून एसटीने आणलं होतं. पोत्यात अशासाठी, की घराच्या पुढच्या खोलीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे आणि आमच्या घरात वस्तू पोत्यातूनच येतात.

फक्त एक गोष्ट आणायची राहिली होती. प्रोसेसरचा कूलर!

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो इतका तापतो, की त्याच्या डोक्यावर पातळ पट्ट्यांचा एक ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्या ठोकळ्यावर तळहाताएवढा पंखा बसवावा लागतो. पुण्याच्या दुकानदाराने मला विचारलं होतं, "डब्यातला देऊ की सुटा? डब्यातल्यासोबत पंखा फुकट येतो." फुकट म्हटल्यावर माझ्यातला तज्ज्ञ दुखावला. फुकट येणारी वस्तू कसली आलीय चांगली! मी छाती काढून म्हणालो, "सुटा द्या. कूलर मी माझ्या पसंतीनं निवडणार!"

आता पसंतीचं. त्याच महिन्यात माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. माजलगावचे मोहनराव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान चालवायचे, त्यांची मुलगी रोहिणी. आम्ही बघायला गेलो. पोहे आले, पाणी आलं, आणि माझे वडील, आप्पा, मला म्हणाले, "संगमेश्वर, तुला मुलीला काय इचारायचं ते इचार."

मी काहीच विचारलं नाही. मी कॉम्प्युटरबद्दल पाव तास बोललो! रोहिणी शांतपणे ऐकत होती. ती औरंगाबादला राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आली आहे, ही गोष्ट सोयरीक जुळवणाऱ्याने आम्हाला सांगितलेलीच नव्हती.

"प्रोसेसर डब्यातला घेतला का सुटा?" तिने विचारलं.

"सुटा!"

"मग कूलर कोणता निवडला?"

"सगळ्यात... मोठा!"

"मोठाच कावून? बसंल का त्यो तुमच्या बोर्डावर?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पोह्यांकडे पाहिलं.

"मशीन चालू झालं की कळवा," ती म्हणाली. "आमी बघायला येतो. मग काय ते सांगते."

म्हणजे मुलगी बघायला गेलेला मुलगा स्वतःच्या मशीनची परीक्षा ठरवून परत आला! पुढच्या रविवारची तारीख पडली. आणि इथे सरळच सांगून टाकतो, मला रोहिणी मनापासून आवडली होती. तिने प्रश्न विचारला तेव्हा तर जास्तच आवडली.

घरी आल्यापासून माझा पाय एका जागी ठरेना. सोमवारी पहिल्या एसटीने बीड गाठलं. तिथे धर्मराज नावाच्या माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मुकाट्याने एक छोटा कूलर आणि कागदात थोडी पांढरी पेस्ट बांधून दिली. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये ही पेस्ट लावली की उष्णता वर चढते, नाहीतर मशीन तापून बंद पडतं.

"हरभऱ्याएवढी लाव," तो म्हणाला. "जास्त लावू नकू."

कूलर बसवला, चालू केला. मशीन चाललं! पण पंख्याचा असा आवाज, की गिऱ्हाईक साखर मागायचं आणि आप्पा मीठ बांधायचे. शिवाय कूलर फारच लहान वाटत होता. मी तर सगळ्यात मोठा म्हणून सांगून आलो होतो! मंगळवारी परत बीड. दुसऱ्या कूलरची क्लिप इतकी ताठ, की दाबताना स्क्रू-ड्रायव्हर सटकून माझ्या अंगठ्यात घुसला. बुधवारी परत बीड. तिसरा कूलर तांब्याचा, देखणा, पण इतका उंच की कॅबिनेटचं झाकणच लागेना! शेवटी आमच्या गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्या धोंडीरामला बोलावलं. त्याने कॅबिनेट उलटंसुलटं करून पाहिलं.

"झाकणाला भोक पाडू," तो म्हणाला.

"भोक?"

"कूलर भाएर राहू दे की! त्याला बी हवा लागंल. उनाळा काय थोडा हाय का?"

आणि मी नाही म्हणायच्या आत त्याने पत्रा कापायची कात्री चालवली. आता झाकणातून तांब्याचा कूलर चार बोटं बाहेर डोकावत होता. ते पाहून मला रात्रभर वाटत राहिलं, की पहिलाच बरा होता. गुरुवारी परत बीड!

धर्मराज मला पाहून हात जोडूनच उभा राहिला. "आता काय बे?"

"पेस्ट संपली. दर वेळी पुसून नवी लावावी लागती."

"तू दर घंट्याला कूलर बदलणार आन् मी कागदात बांधून देत बसू?" असं म्हणून त्याने मोठ्या डब्यातून पेस्ट काढली आणि फोटोच्या रोलची एक रिकामी डबी काठोकाठ भरून माझ्या हातात कोंबली. "ही घे. लग्न हुईस्तोवर पुरंल. आन् त्यो तांब्याचाच राहू दे. आता बीडला येऊ नकू, पाया पडतो!"

रोलच्या डब्या आठवतात ना? प्लास्टिकच्या, काळ्या टोपणाच्या. आमच्या शेजारचा सोमेश्वर फोटोग्राफर. त्यामुळे आमच्या घरात लवंगा रोलच्या डबीत, सुपारी रोलच्या डबीत, आप्पांच्या गोळ्याही रोलच्या डबीत. आणि आईची विभूतीही! एरवी आई विभूतीची वडी तळहातावर पाण्यात उगाळते. पण पाहुणे यायचे असले, की ओली विभूती आधीच कालवून डबीत भरून देवघरात ठेवते. दारात आलेल्या माणसाने हातपाय धुवायचे, कपाळाला तीन बोटं ओढायची, मग चहा. आमच्या घरची ही पद्धत आप्पांच्या आजोबांपासूनची.

दुसरी पद्धत अशी, की घरात नवीन काहीही आलं तरी ते आधी देवापुढे जातं. तराजू असो, छत्री असो, नाहीतर रोलची डबी. मी बीडहून येऊन हातपाय धूत होतो तेवढ्यात आईने माझ्या पिशवीतली पेस्टची डबी उचलून देवघरात ठेवली. मला पुढे काही सांगायची गरज नाही. पण मी सांगणार!

रविवार उजाडला. चार वाजता लाईट जाणार होती, उन्हाळ्यात ती रोजच जायची. पाहुणे पावणेतीनला येणार. मी सकाळीच शेवटची एकदा जोडणी करायचं ठरवलं. खरं म्हणजे सगळं बसलेलं होतं, हात लावायची काही गरज नव्हती. पण स्वस्थ बसेल तो मी कसला! कूलर काढला, जुनी पेस्ट पुसली, देवघरातून डबी आणली, आतला पांढरा लगदा हरभऱ्याएवढा घेऊन लावला, कूलर दाबून बसवला. पेस्ट जरा रवाळ वाटली. म्हटलं, उन्हाने झाली असेल.

"शरणार्थ, शरणार्थ!" करत मोहनराव आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी. आईने डबी पुढे केली. मोहनरावांनी तीन बोटं बुडवून भक्तिभावाने कपाळावर ओढली. मग आप्पांनी, मग मशीन बघायला आलेल्या धोंडीरामने, मग स्वतः आईने. दिवस शुभ म्हणून तिने तराजूला लावली, गल्ल्याला लावली, आप्पांच्या मोटारसायकलला लावली. त्यांच्यासोबत आलेली रोहिणी मात्र कुणाची वाट न बघता सरळ कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली होती.

"आज विभूती लई गुळगुळीत हाय हो!" मोहनराव कपाळाचा घाम टिपत म्हणाले. "कुठून मागवली?"

"घरचीच हाय की," आई म्हणाली.

रोहिणी झाकणाच्या भोकातून वर आलेल्या कूलरकडे बघत होती. "हे असं कावून?"

"हवा खेळती राहावी म्हणून!" मी म्हणालो. "माझीच कल्पना." धोंडीरामने माझ्याकडे रागाने पाहिलं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर आकडे आले, रंग आले! धोंडीरामने टाळ्या वाजवल्या. आप्पांची मान ताठ झाली. मी मोहनरावांकडे असं पाहिलं, की तारीख कधीची धरता? आणि पाच मिनिटांनी कॅबिनेटमधून आवाज आला. टुं! टुं! टुं! टुं! पडदा काळा झाला.

परत चालू केलं. या वेळी तीन मिनिटं. टुं! टुं!

"बिघडलं का वं?" मोहनरावांनी विचारलं.

"न्हाई, न्हाई! मशीन दम खातंय!" मी म्हणालो. साडेतीन वाजत आले होते आणि चारनंतर दाखवायला काही उरणार नव्हतं. मोहनरावांना सहाची गाडी गाठायची होती. आज मशीन चाललं नाही, तर रोहिणी माजलगावला जाणार आणि तिकडून काय निरोप येणार ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

"मी कूलर काढून बघू का?" रोहिणीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्क्रू-ड्रायव्हर उचलला. क्लिप एका झटक्यात निघाली! माझा अंगठा उगाच ठणकला. तिने ठोकळा उलटा केला. खाली वाळून तडकलेली पांढरी पूड होती. तिने ती बोटावर घेतली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही तर विभूती हाय!"

विभूती इथे असेल, तर मग कपाळावर काय आहे, हा हिशोब सगळ्यांच्या डोक्यात एकदमच झाला. सगळ्यांच्या नजरा मोहनरावांवर खिळल्या. त्यांनी घाम पुसता पुसता तीन पट्टे भुवयांपर्यंत आणले होते. रुमाल पांढरा, टोपीची कड पांढरी, चहाच्या कपाचा कान पांढरा!

"म्हंजे?" मोहनराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. "शिवाचं नाव घेऊन मी कपाळाला मशीनचं मलम लावलं? अहो सिद्धलिंगआप्पा, पावण्याला असं करत्यात व्हय?"

आप्पा पुरते गारठले. मी डबीकडे धावलो. डबी रिकामी! मोटारसायकलला लावून उरलेली आईने शेजारच्या सोमेश्वरच्या लूनाला लावली होती, आणि सोमेश्वर ती लूना घेऊन बीडला गेला होता. पेस्ट नाही, म्हणजे मशीन नाही. मशीन नाही, म्हणजे रोहिणी नाही! मला अक्षरशः रडू आलं. पंचवीस वर्षांचा घोडा, डोळे पुसत पोत्यावर बसलो.

तेवढ्यात आई हसायला लागली. आधी पदरात, मग मोकळ्याने. हसत हसतच ती रोहिणीसमोर जाऊन बसली आणि तिने आपलं कपाळ पुढे केलं.

"घे गं बाई. माझ्याकडं लई हाय. हरभऱ्याएवढंच लागतं म्हनं!"

रोहिणी तिच्याकडे बघतच राहिली. मग तीही हसली, इतकी की स्क्रू-ड्रायव्हर हातातून पडला. तिने प्रोसेसर रुमालाने पुसून कोरडा केला, दुकानातलं एक पोस्टकार्ड घेतलं आणि त्याच्या कडेने आईच्या कपाळावरची पेस्ट हलकेच उचलली. प्रोसेसरवर पसरली, कूलर बसवला, बटण दाबलं. आकडे आले, रंग आले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टुं नाही!

मोहनराव हळूहळू खाली बसले. थोड्या वेळाने पुढे वाकून म्हणाले, "रोहिणी, कमी पडलं तर माझ्या कपाळावरचं घे. माझं घट्ट हाय."

बरोबर चारला लाईट गेली. पंखा थांबला, उकाडा दाटला. पडदा काळा झाला, पण आता त्याचं कुणाला काही वाटलं नाही. रोहिणीने माझ्याकडे वळून परत तोच प्रश्न विचारला. "आता खरं सांगा. ह्यो कूलर कसा निवडला?"

"निवडला न्हाई," मी म्हणालो. "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. धर्मराज हात जोडून म्हणला हाच राहू दे, म्हणून राहू दिला. आन् त्या भोकाची कल्पना धोंडीरामची."

"हे माजलगावातच सांगायचं ना," ती म्हणाली.

गुरुवारी होकार आला! दिवाळीनंतर लग्न झालं. रोहिणीने पहिल्याच आठवड्यात तांब्याचा कूलर काढून घरात पडून असलेला माझा पहिला छोटा कूलर बसवला. पंख्याच्या मधोमध तेलाचा एक थेंब सोडला, आवाज बंद!

मी मात्र गावभर सांगत सुटलो, की मी खरं बोललो म्हणून मुलगी मिळाली. एकदा तर जेवताना तिच्यासमोरच सांगितलं.

"कोन म्हणलं तुमाला?" रोहिणी आईला भाकरी वाढत म्हणाली. "आत्याबाईंनी कपाळ पुढं केलं तवाच माझं ठरलंतं. अशी सासू कुठं मिळती!"

"आन् मी?"

"डब्यातल्या प्रोसेसरसोबत पंखा येतो न्हाई का, फुकट? तसे आलात तुमी."