सतरा नंबरची डबी

"सतरा नंबर," पडद्यावरच्या लाल शिखरावर काठी टेकवत तज्ज्ञ म्हणाले, "शहरातलं सगळ्यात तापलेलं ठिकाण!"

बैठकीतल्या चौदा जणांनी एका सुरात "बापरे" म्हटलं. टेबलाच्या टोकाला बसलेली उद्यान विभागाची नियोजिका तेवढी गप्प राहिली. घाबरायला तिला दुसऱ्यानं बापरे म्हणावं लागत नसे. फोन वाजला की घरून वाईट बातमी असणार. वाजला नाही, तर बातमी इतकी वाईट असणार की फोन करायचंही कुणाला सुचत नसणार. मुलगी झाल्यापासून गेली चार वर्षं ती अशीच जगत होती. ऑफिसात तिला पाठीमागे 'काळजीवाहू' म्हणत. एक तर तिची नोकरी अजून कायम नव्हती, आणि दुसरं म्हणजे काळजी ती खरोखरच वाहायची, घरची डब्याच्या पिशवीतून ऑफिसात आणि ऑफिसची त्याच पिशवीतून घरी.

आज मात्र घाबरायला रीतसर कारण होतं. तिला कायम करायचं की नाही त्या फॉर्मवर मोठे साहेब बैठक संपल्यावर सही करणार होते. फॉर्म साहेबांच्या कोपराखाली होता. कोपर हललं की इकडे हिची मानही त्या बाजूला हलत होती.

उन्हाळे वाढत चालले होते आणि पाऊस यायचा तो सगळा एकाच दुपारी. म्हणून विभागानं ठरवलं होतं, की यापुढे बागा अशा करायच्या की उन्हाळ्यात सावली देतील आणि मुसळधार पावसाचं पाणी पोटात घेतील. यंदा एकच बाग होणार होती. ती कुठे करायची हे ठरवण्यासाठी शहरात चाळीस ठिकाणी चाळीस डब्या टांगल्या होत्या. बाहेरून भोकाभोकांचं पांढरं कवच, आत एक चपटं यंत्र. ते दर मिनिटाला तापमान ऑफिसला पाठवायचं. पण आपण कुठे आहोत हे त्याला बिचाऱ्याला कळत नाही. ते यादीत लिहिलेलं असतं, आणि यादी तिनं लिहिली होती.

टांगण्याआधी सगळ्या डब्या एक रात्र एकाच फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. सगळ्या सारखाच आकडा सांगतात की एखादी मनाचं सांगते, ते त्यावरून कळतं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये साहेबांच्या पथ्याचं सामान होतं, म्हणून तिनं त्या घरी नेल्या होत्या. सासूबाईंनी कुरकुर न करता भाजी बाहेर काढून जागा करून दिली होती. सकाळी तिनं दोनदा मोजल्या, चाळीस भरल्या, आणि माळीबुवांनी शिडी लावून त्या गावभर टांगल्या.

"बघा, रोज तीन शिखरं," तज्ज्ञ सांगत होते. "सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी आठ. वाहनांची वर्दळ. नोकरदार वर्ग!"

"आणि रविवारी?" साहेबांनी विचारलं.

"रविवारी पहिलं शिखर थेट साडेनऊला. लोक उशिरा उठतात, उशिरा निघतात."

तिला गंमत वाटली. त्यांच्या घरीही रविवारी गॅस साडेनऊलाच पेटायचा.

"हा शनिवार पाहा. सलग चार तास चढ."

त्या शनिवारी नणंदेच्या सासरची नऊ माणसं जेवायला होती. तिची गंमत जरा ओसरली.

"आणि हा गुरुवार. संध्याकाळी रेषा सपाट!"

"का बरं?"

"रस्ता बंद असणार. मोर्चा वगैरे."

त्या गुरुवारी मुलगी दोनदा खोकली होती. हा न्यूमोनियाच आहे असं ती म्हणाली होती, तुला डॉक्टरची गरज आहे असं नवरा म्हणाला होता, आणि मग कुणीच स्वयंपाक केला नव्हता. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बिस्किटं खाल्ली होती. चौदा सरकारी माणसं चष्मे सावरून तिचं भांडण बघत होती.

"आणि रोज दुपारी दोनला ही खाच कसली?"

"वाऱ्याची झुळूक," तज्ज्ञ भारावून म्हणाले. "रोज ठरल्या वेळी येते. अत्यंत दुर्मिळ!"

ती उठून बाहेर आली आणि तिनं घरी फोन लावला.

"आई, गॅसच्या आसपास कुठे काही पांढरं आहे का?"

"आहे की, वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे," सासूबाई म्हणाल्या. "चपटं. बारीकसा दिवा लुकलुकतो त्याला. महिना झाला असेल. तुझंच ना ते? मी रोज दुपारी ओटा पुसला की त्यालाही ओल्या फडक्यानं पुसते."

दुर्मिळ झुळुकेचा उगम सापडला.

"तिथे ठेवलं कुणी?"

फोनवर थोडी झटापट ऐकू आली आणि मग मुलीचा आवाज आला. "आई, मी ठेवलं, स्टुलावर चढून. सकाळी फ्रिजमध्ये त्याला थंडी वाजत होती. सगळ्यांनाच वाजत होती. पण मला एकच झाकण उघडता आलं."

"आणि परत लावलंस?"

"हो. नाहीतर तू ओरडतेस ना."

म्हणजे महिनाभर सतराव्या ठिकाणी नुसतं रिकामं कवच लटकत होतं, आणि शहराचं सगळ्यात तापलेलं ठिकाण म्हणून तिच्या सासूबाईंच्या ओट्याचं कौतुक चाललं होतं. तिचं धाबं दणाणलं. ती आत आली तेव्हा निर्णय झालासुद्धा होता.

"सतरा नंबरला पहिली बाग," साहेब म्हणाले. "एकतीस नंबर पुढच्या वर्षी बघू."

एकतीस नंबर म्हणजे पत्र्याच्या छपराची बालवाडी. अंगणात डांबर. डबी टांगायला गेली होती तेव्हा तिनं पाहिलं होतं, पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. नाच शिकवलाय असं वाटून तिनं बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या, "नाही हो, भाजतं त्यांना."

"चला, प्रत्यक्षच बघून येऊ," साहेबांनी फॉर्म उचलून फाइलमध्ये सरकवला. "बाई, तुमच्या फॉर्मवर सही परत आल्यावर करतो."

विभागाच्या मोठ्या गाडीत ती माळीबुवा आणि खिडकी यांच्या मध्ये अंग चोरून बसली. गप्प राहिलं तर? घरून यंत्र आणायचं, हळूच कवचात बसवायचं, कुणाच्या बापाला कळणार नाही. नोकरी कायम. मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं मार्गी. आणि एकतीस नंबरची पोरं आणखी एक उन्हाळा नाचतील. बोललं तर? नोकरी गेली. वर पेपरात छापून येईल, फोटोसकट. फोटोत ओटा दिसेल. तिनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा माळीबुवांनी विचारलं, "काच खाली करू का, मॅडम? गाडी लागते का?"

सतरा नंबरची गल्ली आली. गल्लीच्या मध्यावर एक जुनं, घेरदार झाड होतं, आणि त्याच्या सावलीत एक शिंपी गळ्याला मफलर गुंडाळून मशीन चालवत बसला होता. एक कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं. गार वारा सुटला होता.

तज्ज्ञांनी कोरडं कपाळ रुमालानं पुसलं. "जाणवतंय?"

साहेबांनी क्षणभर अंदाज घेतला आणि गळ्याचं बटण काढलं. "भट्टी आहे हो, भट्टी!"

"माझ्या बुटाचे तळ चिकटायला लागले," अभियंता म्हणाला.

शिंप्यानं मशीन थांबवलं. "साहेब, शेजारच्या तीन गल्ल्यांतली माणसं दुपारी इथं गारव्याला येऊन बसतात. तुम्हाला ताप आलाय का?"

"सवय झालीय यांना," तज्ज्ञ हळहळले.

साहेब नकाशा उलगडून गोल फिरले. "बाग इथून इथपर्यंत. मध्ये कारंजं. हे झाड तेवढं आड येतंय. काढून टाकू. माळीबुवा, खूण करून ठेवा."

माळीबुवांनी गाडीतून लाल रंगाचा डबा आणला. कुंचला खोडाला लागणार एवढ्यात ती किंचाळली, "झाड नको! सतरा नंबर माझ्या स्वयंपाकघरात आहे!"

कुत्र्यानं मान वर केली. मग एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं, फ्रिज, थंडी, झाकण, फळी, फडकं. मध्ये श्वास घेतला असता तर धीर सुटला असता. माळीबुवा शिडी लावून वर चढले आणि त्यांनी कवच उघडलं.

"आत कोळी आहे, साहेब," ते वरून म्हणाले. "तापलेला वाटत नाही."

तज्ज्ञांचा चेहरा उतरला. "म्हणजे ती झुळूक..."

"ओलं फडकं, सर."

"आणि मोर्चा?"

"आमचं भांडण, सर."

"रविवारची वर्दळ?"

"आम्ही उशिरा उठतो, सर."

साहेबांनी काढलेलं बटण पुन्हा लावलं. ती त्यांच्या काखेतल्या फाइलकडे बघत राहिली. आता फाइल उघडेल, फॉर्म निघेल, फाटेल. घरी काय सांगायचं याची वाक्यंही तिनं मनात जुळवायला घेतली.

"मला खरोखर घाम आला होता हो," साहेब फार दुःखानं म्हणाले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "एकतीसला घे."

बालवाडीच्या फाटकाला साहेबांनी हात लावला आणि चटका बसून ओढून घेतला. अंगणात पाच मिनिटं उभे राहिले. इथं घाम यायला तज्ज्ञ लागला नाही. खिडकीतून तीसेक चेहरे त्यांच्याकडे टकामका बघत होते. एक पोरगं ओरडलं, "काका, नाचू नका, सावलीत या!"

साहेब पाय उचलत उचलत पत्र्याच्या वळचणीला आले. "पहिली बाग इथे," ते म्हणाले. "झाडं आधी. कारंजं नको. तो खोलगट कोपरा पावसाच्या पाण्याला सोडा." मग त्यांनी फाइल उघडली. तिनं डोळे मिटून घेतले.

"बाई, डोळे उघडा. पेन द्या."

"साहेब, माझं... म्हणजे चूक माझीच..."

"चूक आहेच. पण आम्ही चौदा जण सावलीत उभं राहून घाम पुसत होतो, आणि घाबरलेलं माणूस तिथे एकच होतं. विभागात असं एक तरी कायमचं पाहिजे." फॉर्म कशावर टेकवावा म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंत तापलेली, गाडी तापलेली. तज्ज्ञांनी पुढे होऊन पाठ वाकवली.

जीव भांड्यात पडला, पण त्याला पुरतं पडायला मिळालं नाही. ऑफिसात आल्यावर मोठा कारकून यादी घेऊन उभा राहिला. ठराव चाळीस डब्यांचा मंजूर आहे, म्हणाला. एकोणचाळीस करायच्या तर पुन्हा वरपर्यंत कागद जाणार आणि वर विचारणार की चाळिसावी कुठे गेली. गल्लीतल्या झाडाला डबीची गरज नाही हे तर सगळ्यांनी पाहिलंच होतं. शेवटी साहेबांनी तोड काढली आणि यादीत तिच्याच अक्षरात लिहून घेतलं, 'सतरा : घरातील तापमान, तुलनेसाठी.' यंत्र आहे तिथेच, फळीवर राहायचं.

तेव्हापासून सोमवारच्या बैठकीत चाळीस रेषा पडद्यावर येतात आणि चौदा जण आधी सतरावी बघतात. ती मान खाली घालून टाचणीनं टेबल कोरत बसते. घरात भांडायचीही आता चोरी झाली आहे, स्वयंपाक राहिला की रेषा सपाट. नवऱ्यानं तर धसकाच घेतला आहे.

परवाच्या सोमवारी एकतीस नंबरच्या झाडांसाठीच्या खड्ड्यांचा हिशेब चालू असताना अभियंता अचानक खुर्चीतून अर्धवट उठला.

"मॅडम! तुमची रेषा!"

सव्वाअकरा वाजले होते. सतरावी रेषा चढत होती. बेचाळीस. चव्वेचाळीस.

"या वेळेला कधी नसतं!" मोठा कारकून म्हणाला. आता त्यालाही सगळं पाठ झालं होतं.

"सकाळचं आठलाच आटपतं यांच्याकडे," तज्ज्ञ पांढरेफटक पडले. "हे नैसर्गिक नाही."

सेहेचाळीस. तिनं फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना. "पुन्हा लावा!" साहेब ओरडले. "माळीबुवा, गाडी काढा!" तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. घाईघाईत तिच्याकडून स्पीकरचं बटणही दाबलं गेलं.

"आई! गॅसवर काय आहे?"

"दूध," सासूबाईंचा आवाज खोलीभर झाला. "दूध आटवतेय. तू कायम झालीस, काही गोडधोड नको का? पण तुला कसं कळलं?"

"पडद्यावर दिसतंय, आई. आम्ही सगळे बघतोय."

"सगळे म्हणजे किती?"

"चौदा."

पलीकडून चमचा भांड्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"चौदा माणसं बसलीत ना लक्ष ठेवायला? मग मी जरा पाठ टेकते. उतू जायला आलं की फोन कर."

फोन बंद झाला. साहेबांनी आपली खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

"कुणी जागचं हलायचं नाही," ते म्हणाले.